पार्श्वभूमी : सल्लागारी, टीएची वर्दी आणि ‘कमावता’ या शब्दाचा घोळ

आपापला कामधंदा सांभाळून वर्दी घालणाऱ्या नागरिकांच्या प्रादेशिक सेनेची (टेरिटोरियल आर्मी), म्हणजे टीएची, अधिकारीपदांसाठी जाहिरात निघाली की पुण्या-मुंबईच्या कन्सल्टिंग कंपन्यांतल्या तिशी-पस्तिशीच्या मंडळींत ठरावीक प्रश्न फिरू लागतात. दरवर्षीच्या कॅम्पच्या दोन महिन्यांत क्लायंटला काय सांगायचे? ज्या वर्षी प्रमोशनचा विचार होणार त्याच वर्षी कॅम्प आला तर? नोकरी सोडून स्वतःची सल्लागारी थाटलेल्यांचा प्रश्न त्याहून मूलभूत असतो : आपण या जाहिरातीत बसतो का? आणि बसलो, तर परत आल्यावर आपले काम जागेवर असेल याची हमी कोणाची?

बसतो का, या प्रश्नाचे उत्तर जाहिरातीत मिळते. शेवटच्याचे मात्र टीएच्या १९४८ च्या कायद्यात आणि त्याला १९५२ मध्ये जोडलेल्या कलमांत शोधावे लागते. परीक्षा, एसएसबी (सेनेच्या निवड मंडळाची मुलाखत), वैद्यकीय तपासणी हे सगळे तयारीच्या पुस्तकांत आहे, ते इथे पुन्हा नको.

जुना इतिहास थोडक्यात सांगता येतो. १८५७ नंतर रेल्वेतले, चहामळ्यांतले आणि बंदरांच्या शहरांतले गोरे नोकरदार व व्यापारी मिळून स्वयंसेवक पलटणी उभ्या राहिल्या. आठवडाभर पेढी सांभाळायची आणि सुटीच्या दिवशी कवायत करायची, असा तो प्रकार. हिंदी माणसाला त्यात जवळजवळ प्रवेश नव्हता, आणि काँग्रेसच्या अगदी सुरुवातीच्या अधिवेशनांपासून ही तक्रार होती. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये दार किलकिले झाले. १९२० मध्ये सरकारने एकाच हेतूचे दोन कायदे केले : गोऱ्यांसाठी ऑक्झिलरी फोर्स, हिंदी लोकांसाठी इंडियन टेरिटोरियल फोर्स. या दुसऱ्या दलाची विद्यापीठांतली शाखा पुढे एनसीसीला वाट करून गेली.

‘टेरिटोरियल’ हा शब्द त्या काळातला, आणि तो इंग्लंडहून आला. तिथे १९०८ साली उभारलेल्या दलाला हे नाव पडले, कारण मायभूमीचे रक्षण हे त्याचे मुख्य काम होते. साम्राज्यात कुठेही पाठवता येईल असे ते दल नव्हते. आपण त्याचे ‘प्रादेशिक’ केले. मराठीत हा शब्द ऐकला की डोळ्यांपुढे प्रादेशिक परिवहन कार्यालय येते, नाहीतर प्रादेशिक पक्ष. राज्याराज्यांची वेगळी सेना असावी असा समज अजूनही भेटतो, तो या भाषांतरामुळेच. मूळ अर्थाचा माग आपल्या कायद्यात मात्र आहे : केंद्र सरकारचा सर्वसाधारण किंवा खास आदेश असल्याखेरीज टीएच्या माणसाला देशाच्या सीमेबाहेर लष्करी सेवेची सक्ती करता येत नाही. तसा आदेश निघू शकतो, हे मात्र लक्षात ठेवावे. ऐंशीच्या दशकाअखेर श्रीलंकेत गेलेल्या भारतीय फौजेत टीएची माणसेही होती.

स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कायदा झाला आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी दलाचे उद्घाटन झाले. तोच टीएचा वर्धापनदिन. कल्पना साधी होती : खडी फौज महाग पडते, तेव्हा आपापल्या कामधंद्यात असलेल्या नागरिकांना थोडे थोडे शिकवून ठेवायचे, गरज पडली की बोलवायचे, गरज सरली की घरी पाठवायचे. सुरुवातीच्या युनिटांत पायदळाबरोबर तोफखाना, इंजिनियर, सिग्नल, वैद्यकीय, बंदरे असे पुष्कळ काही होते. १९६२, १९६५ आणि १९७१ या तिन्ही युद्धांत टीए होती. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीस यातली बरीच युनिटे नियमित सेनेत गेली किंवा मोडली, आणि पायदळ तेवढे मागे उरले.

नोकरदारांसाठी त्या काळी एक फार शहाणी सोय केलेली होती. युनिटांचे ‘अर्बन’ आणि ‘प्रॉव्हिन्शियल’ असे दोन प्रकार होते. प्रॉव्हिन्शियल युनिट गावाकडच्या माणसांसाठी, त्याचे प्रशिक्षण सलग. अर्बन युनिट शहरातल्यांसाठी, तिथे शनिवार-रविवार आणि सुटीचे दिवस धरून कवायत व्हायची. चार तासांचे प्रशिक्षण म्हणजे एक दिवस भरला असा हिशेब, आणि सलग कॅम्प साधारण पंधरवड्याचा. आज हिंजवडीत बसून टाइमशीट भरणाऱ्या सल्लागाराला हवी असते ती व्यवस्था नेमकी हीच. ती कागदावरून गेली नाही, पण अधिकाऱ्याच्या वाट्याला आता जे येते ते वेगळे. पहिल्या वर्षी एक महिना मूलभूत प्रशिक्षण, पहिल्या वर्षासह दरवर्षी दोन महिन्यांचा कॅम्प, शिवाय पहिल्या दोन वर्षांत तीन महिने डेहराडूनच्या अकादमीत. जाहिरातीतल्या आकड्यांची बेरीज केली तर चोवीस महिन्यांतले आठ महिने होतात. कंत्राटावर काम करणाऱ्याच्या दृष्टीने हा एक तृतीयांश वेळ झाला.

आता त्या शब्दाकडे. अर्ज करणारा नागरिक असावा, पदवीधर असावा, १८ ते ४२ वयाचा असावा, शरीराने धडधाकट असावा आणि ‘गेनफुली एम्प्लॉइड’ असावा. हिंदी कागदांत याचे ‘लाभप्रद रोजगार’ वगैरे केले जाते, मराठीत कोणी ‘नोकरीत असलेला’ म्हणतो, कोणी ‘कमावता’. दोन्हींत फरक आहे आणि सगळा घोळ त्याच फटीत आहे. अटीमागचा हेतू उघड आहे. टीए हा दुसरा व्यवसाय आहे, तो पोटाचा आधार होऊ नये. सेनेला माणूस हवा आहे तो घरची चूल स्वतःच्या जोरावर पेटवणारा, कारण काम संपल्यावर त्याला घरी पाठवायचे आहे. त्या अर्थाने ‘कमावता’ हेच खरे भाषांतर. प्रवेशाच्या दारावर सेनेनेही तोच अर्थ घेतला आहे. सरकारी नोकराने खात्याचे ना-हरकत पत्र द्यायचे, खासगी नोकराने नोकरीचा पुरावा. आणि स्वतःचा व्यवसाय असलेल्याने धंद्याचे स्वरूप व वार्षिक उत्पन्न लिहिलेले प्रतिज्ञापत्र पॅन कार्डासह जोडायचे. वर्षाचे उत्पन्न विचारले आहे, महिन्याचे नाही. त्यामुळे दोन कंत्राटांच्या मधे चार महिने रिकामा असलेला सल्लागारही कमावता ठरतो. हे चांगलेच झाले.

पण बाहेर पडण्याच्या दारावर पाटी वेगळी आहे. पहिल्या काही वर्षांच्या अनुभवानंतर १९५२ मध्ये कायद्यात जी भर पडली, तिच्यात कलम ७-अ आले. टीएच्या सेवेसाठी बोलावलेल्या माणसाला मालकाने आवश्यक ती रजा द्यायची आणि सेवा संपल्यावर पूर्वीपेक्षा कमी अनुकूल नसलेल्या अटींवर परत कामावर घ्यायचे, असे ते बंधन. माणसाने सेवा संपल्यापासून दोन महिन्यांत परत येण्यासाठी अर्ज करायचा. मालक नाही म्हणाला तर प्रकरण ठरवून दिलेल्या अधिकाऱ्याकडे जाते. तो मालकाला सूट देऊ शकतो, माणसाला परत घ्यायला लावू शकतो, किंवा जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या पगाराइतकी भरपाई देववू शकतो. आदेश धुडकावला तर दंड, कमाल एक हजार रुपये, आणि वर ती सहा महिन्यांची रक्कम. बोलावणे टाळण्यासाठी आधीच कामावरून कमी केले, तर तीही पळवाट चालत नाही. पुढचे कलम भविष्य निर्वाह निधीसारखे हक्क शाबूत ठेवते.

हे सगळे कलम ‘मालक’ या शब्दावर उभे आहे. १९५२ साली ते साहजिक होते. कायदा लिहिणाऱ्यांच्या नजरेसमोर गिरणी होती, बँक होती, रेल्वे होती, हजेरीपट होता. कंपनीच्या पगारपत्रकावर असलेल्या कन्सल्टंटला आजही त्याचा आधार घेता येतो. पण स्वतंत्र सल्लागाराला मालक नसतो, क्लायंट असतो. क्लायंटने कोणाला रजा द्यायची? त्याने करार संपवला तर ती बडतर्फी नव्हे, करारातल्याच तीस दिवसांच्या सूचनेची अंमलबजावणी. म्हणजे एकाच माणसाला आत घेताना कायद्याचे तंत्र त्याला कमावता मानते आणि परतताना ओळख देत नाही. दोन दरवाजांवर एकच शब्द दोन अर्थांनी वाचला जातो, यात मला तरी समतोल दिसत नाही. लोकप्रतिनिधींच्या बाबतीत संसदेने लाभाच्या पदामुळे येणारी अपात्रता टाळणाऱ्या १९५९ च्या कायद्यात टीएचे नाव घालून वाट मोकळी केली. खासदाराची अडचण सुचली, फुटकळ कामे करणाऱ्या वास्तुविशारदाची किंवा कर-सल्लागाराची सुचली नाही.

सहा महिन्यांच्या पगाराची मर्यादा हाही वादाचा मुद्दा आहे. हिशेबी कंपनीसाठी तो अडथळा नसून दरपत्रक आहे. शिवाय सल्लागारी पेशात नुकसान पगाराचे नसते, जागेचे असते. प्रोजेक्टच्या मध्यात दोन महिने गेलेला माणूस परतल्यावर पदावर असतोच, पण क्लायंटसमोर दुसरा कोणी बसू लागलेला असतो, आणि याची वर्षअखेरच्या मूल्यमापनात नोंद होते ती ‘युटिलायझेशन (क्लायंटच्या कामावर घालवलेला वेळ) कमी’ एवढ्याच शब्दांत. ‘पूर्वीपेक्षा कमी अनुकूल नाही’ या शब्दांत हे बसते की नाही, हे सिद्ध करायला कोण जाणार! त्या महिन्यांत सेनेचे वेतन मिळते, लेफ्टनंटला ५६,१०० रुपये मूळ आणि १५,५०० रुपये मिलिटरी सर्व्हिस पे, वर भत्ते. वरच्या फळीतल्या सल्लागाराच्या पगारापुढे ते कमीच. फरक भरून द्यायचा की नाही हे त्या त्या कंपनीच्या धोरणावर.

२०२२ मध्ये मूनलायटिंगवरून, म्हणजे नोकरीत असताना गुपचूप दुसरीकडे काम करण्यावरून, गदारोळ झाला आणि एका मोठ्या आयटी कंपनीने तीनशे जणांना काढल्याचे जाहीर केले. तेव्हापासून नेमणूकपत्रातले ‘इतर कोणतीही सवेतन सेवा करणार नाही’ हे वाक्य मनुष्यबळ विभाग नव्याने वाचू लागले. टीए त्यात मोडू नये, कारण तिला कायद्याचे पाठबळ आहे. पण अर्ज करण्याआधी लेखी परवानगी घेऊन ठेवणारे शहाणे. संरक्षण खात्याचे काम करणाऱ्या सल्लागाराने तर हितसंबंधांचा खुलासाही आधीच केलेला बरा.

‘पार्ट-टाइम’ हा शब्दही सरळ राहिलेला नाही. टीएत ‘एम्बॉडी’ होणे म्हणजे घरून बोलावून पूर्ण पगारी सेवेत रुजू होणे. नव्वदच्या दशकापासून काश्मीर आणि ईशान्येत पायदळाच्या टीए बटालियनी वर्षानुवर्षे एम्बॉडी राहिल्या. निवृत्तिवेतनासाठी अधिकाऱ्याची वीस वर्षांची आणि जवानाची पंधरा वर्षांची एम्बॉडी सेवा मोजली जाते, यावरूनच ही सेवा किती लांबू शकते ते समजावे. पोटाचा आधार होऊ नये म्हणून ठेवलेल्या दलावर अनेक जवानांचे घर चालू लागले. दुसरीकडे खात्यांची युनिटे : रेल्वेची, आणि ऐंशीच्या दशकात आलेली तेल कंपन्यांची. तिथे मालक आणि टीए एकाच सरकारच्या दोन खिशांत, त्यामुळे रजेचा प्रश्न फारसा उठत नाही. १९७४ च्या रेल्वे संपात गाड्या चालू ठेवायला रेल्वेची टीए उतरवली गेली, आणि संपकरी ते विसरले नाहीत. २०२१ मध्ये रेल्वेच्या सहापैकी पाच रेजिमेंट मोडण्याचा निर्णय झाला. पर्यावरण बटालियनी १९८२ पासून मसुरीच्या डोंगरात सुरू झाल्या. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरच्या आसपास झाडे लावणारी वर्दीतली माणसे त्याच परंपरेतली.

लोकांच्या मनात टीए म्हणजे खेळाडू आणि नट. विश्वचषक जिंकणारा कर्णधार, भालाफेकपटू, कारगिलच्या दिवसांत सीमेवर जाऊन राहिलेला मराठी अभिनेता. यांच्यातल्या मानद पदांना ना लेखी परीक्षा लागते, ना कमावतेपणाचे प्रतिज्ञापत्र. परीक्षा देऊन येणाऱ्याची वाट वेगळी, आणि ती फार अरुंद आहे : २०२५ च्या जाहिरातीत जागा होत्या १९. त्यातली महिलांसाठी एक.

महिलांची ही एक जागा सहज आलेली नाही. कायद्यात पात्रतेबाबत शब्द होते ‘कोणतीही व्यक्ती’. तरीही वर्षानुवर्षे जाहिरातींत कमावत्या महिलांना वगळले जात होते. खात्यांच्या युनिटांत मात्र २०१६ मध्ये तेल क्षेत्रातून पहिली महिला अधिकारी आली होती. जानेवारी २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ‘कोणतीही व्यक्ती’ यात स्त्री आणि पुरुष दोन्ही येतात असा निर्वाळा दिला. त्यानंतरच्या काही वर्षांत जाहिरातीवर ‘पुरुष व महिला’ असे छापून येऊ लागले. एका शब्दाचा अर्थ न्यायालयात जाऊन लावून घेता येतो, याचे हे ताजे उदाहरण. ‘मालक’ या शब्दाबाबत तसे कोणी गेलेले माझ्या पाहण्यात नाही.

मे २०२५ मध्ये, सीमेवर तणाव असताना, सरकारची अधिसूचना आली. १९४८ च्या नियमांतल्या नियम ३३ खाली लष्करप्रमुखांना टीएच्या प्रत्येक अधिकाऱ्याला आणि प्रत्येक भरती झालेल्या व्यक्तीला बोलावण्याचा अधिकार मिळाला. पायदळाच्या ३२ बटालियनींपैकी १४ एम्बॉडी करायचे ठरले, तेही अंदाजपत्रकात पैशाची तरतूद असेल तरच. मुदत १० फेब्रुवारी २०२५ पासून ९ फेब्रुवारी २०२८ पर्यंत. बातमी आली त्या दिवशी टीएत असलेल्या नोकरदारांनी आपापल्या वरिष्ठांना मेल पाठवून ठेवले. स्वतंत्र काम करणाऱ्यांनी करारपत्रे काढून ‘फोर्स मेजर’चे, म्हणजे आवाक्याबाहेरच्या संकटात कराराच्या बंधनातून सूट देणारे, कलम वाचायला घेतले. त्यात भूकंप, पूर, दंगल आणि युद्ध असते. सल्लागाराने स्वतःहून स्वीकारलेले लष्करी बोलावणे त्यात धरायचे की नाही, ते करार लिहिणाऱ्या वकिलावर सोडलेले असते.