दूध-गुळाने फवारणीचं विष उतरत नाही

कपाशीवर फवारणी झाली की आमच्या खान्देशात बांधावर पेलाभर दूध आणि गुळाचा खडा ठरलेला. "दूध पी ले भाऊ, जहर उतरी जाई." हा जुना समज चुकीचा आहे. क्लोरपायरीफॉससारखं ऑर्गनोफॉस्फेट औषध कातडीतूनही रक्तात जातं. पोटातलं दूध तिथे काय करणार?

रक्तात त्याचा विषारी अंश फोडायला मदत करतं ते यकृतात बनणारं पॅराऑक्सोनेज-१ हे एन्झाइम. त्याला कॅल्शियम लागतं, पण ते रक्तात असतंच; त्यासाठी पेला नको. संशोधनासाठी या एन्झाइमचं मानवी जनुक दुसऱ्या पेशींत घालून ते तयार करतात. पॅराऑक्सॉन या ऑर्गनोफॉस्फेट विषाच्या द्रावणात ते टाकलं की नायट्रोफेनॉल सुटतं, द्रावण हळूहळू पिवळं पडतं आणि त्या पिवळेपणावरून वेग मोजतात. एन्झाइमच्या अमिनो आम्लांच्या साखळीतल्या 192 व्या जागेवरचं एक अमिनो आम्ल वेगळं असलं तरी हा वेग बदलतो. मात्र कुपीतलं ते एन्झाइम प्रयोगासाठी असतं, टोचून घ्यायला नव्हे.

फवारताना दरदरून घाम, लाळ, डोळ्यांच्या बारीक झालेल्या बाहुल्या दिसल्या तर कपडे उतरवा, साबणाने अंग धुवा आणि औषधाचा डबा घेऊन तडक दवाखाना गाठा. उतारा तिथे आहे, अ‍ॅट्रोपिनचा.