फॅटी लिव्हर आणि आरोग्याची स्वजाणीव (खानदेश)

यकृताच्या ५ टक्क्यांहून अधिक पेशींत चरबी साठली की त्याला फॅटी लिव्हर किंवा मेदयुक्त यकृत म्हणतात. असा माणूस स्वतःची तब्येत कशी समजतो, ती त्याची आरोग्याची स्वजाणीव. ही जाणीव आणि आजाराची खरी अवस्था यांचा मेळ सहसा बसत नाही. यकृताच्या आतल्या भागाला वेदना कळत नाही, ती कळते वरच्या आवरणाला. त्यामुळे वर्षानुवर्षे काही दुखत नाही. सर्वांत जास्त आढळणारी तक्रार थकव्याची. पण थकवा किती आहे यावरून यकृत किती बिघडले ते ठरवता येत नाही.

जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात तब्येतीचे माप म्हणजे काम. केळीचे घड उचलता येतात, कापूस वेचता येतो, तोवर 'माले काय व्हयेल शे?' (मला काय झालंय?) हाच सवाल. पोट सुटले तर 'अंगाला लागलं' म्हणून घरचे समाधान मानतात. बारीक माणूस तर निर्धास्तच असतो, आणि तेही बरोबर नाही: भारतीयांत सडपातळ अंगकाठीतही हा विकार आढळतो.

निदान बहुधा पोटदुखीसाठी किंवा मुतखड्यासाठी केलेल्या सोनोग्राफीत अचानक होते. रिपोर्टवर 'ग्रेड १' वाचून एखादा त्याला कॅन्सरची पहिली स्टेज समजून घाबरतो, तर दुसरा 'हे तर सगळ्यांनाच निघतं' म्हणून कागद कपाटात टाकतो. दोघांचीही गल्लत होते. सोनोग्राफीतला ग्रेड चरबीचा अंदाज देतो. पुढचा धोका मुख्यतः यकृतात किती व्रण (जखम भरल्यावर राहतो तसा घट्ट भाग) झाला आहे यावर ठरतो. त्यासाठी फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी) किंवा वय, रक्तातले प्लेटलेट आणि यकृताची दोन एन्झाइमे यांवरून काढलेला अंक पाहतात.

'लिव्हर' म्हटले की कावीळ आणि दारू आठवते. डोळे पिवळे नाहीत, मग लिव्हर ठीकच, असा हिशेब होतो. माळकरी घरातल्या, आयुष्यात थेंबही न घेतलेल्या माणसाला हे निदान लाजिरवाणे वाटते. तो ते भावकीतही सांगत नाही. लठ्ठपणा, मधुमेह, वाढलेले ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) ही कारणे त्याला कोणी नीट समजावून सांगितलेली नसतात. २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी आजाराचे 'नॉन-अल्कोहोलिक फॅटी लिव्हर' हे नाव बदलून ते चयापचयाशी जोडले. जुन्या नावातला कलंक हे त्यामागचे एक कारण होते. भारत सरकारने २०२१ मध्येच हा विकार असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला होता.

जेवणाबाबतची समजूतही अशीच एकांगी. 'तेलकट बंद' ऐकून माणूस पहिल्यांदा भरीत सोडतो, शेवभाजीवरचा तवंग काढतो. दिवसाचे सहा गोड चहा आणि सोबतची बिस्किटे मात्र चालू राहतात, कारण साखरेचा लिव्हरशी संबंध त्याच्या मनात नसतो. वांग्याच्या भरीताला आणि कळण्याच्या भाकरीला दोष देण्याचे कारण नाही. दोष असलाच तर भरीतावर ओतलेल्या तेलाचा आणि तळलेल्या बट्टीचा. वजन ५ टक्के घटले तरी यकृतातली चरबी कमी होते. ७ ते १० टक्के घटले तर सूजही उतरू शकते. म्हणजे ८० किलोच्या माणसाला पहिल्या टप्प्यात ४ किलो पुरतात. हा आकडा कळला की रुग्णाला आजार आवाक्यात वाटू लागतो.

सांगणाऱ्याच्या शब्दांनाही वजन असते. मराठीत 'चरबी चढली' हा माजाचा टोमणा आहे. तपासणीच्या टेबलावर तो ऐकणाऱ्याला निदानाआधी अपमान ऐकू येतो. 'लिव्हरमध्ये चरबी साठली आहे, ती कमी होऊ शकते' एवढे म्हटले तर तोच माणूस पुढचा प्रश्न विचारतो.