सरकारी नोकरीत पदोन्नती: पात्रता, कागदपत्रे आणि ज्येष्ठता की गुणवत्ता?

राज्य शासनाच्या नोकरीत पदोन्नतीसाठी अर्ज करायचा नसतो. आस्थापना शाखा प्रस्ताव तयार करते, विभागीय पदोन्नती समिती म्हणजे आपली डीपीसी बसते आणि आदेश निघतो. त्यामुळे बहुतेक कर्मचारी आदेश निघाल्यावरच जागे होतात. ‘मी सीनियर, मग माझ्या खालच्याचं नाव वर कसं गेलं?’ हा प्रश्न तेव्हा पडतो. उत्तर बहुतेक वेळा सेवापुस्तकात किंवा सीआरच्या, म्हणजे वार्षिक गोपनीय अहवालांच्या फाइलीत आधीपासून पडून असतं.

सगळ्यात आधी वरच्या पदाचे सेवाप्रवेश नियम मिळवा. त्यात ‘योग्यतेच्या अधीन राहून ज्येष्ठतेच्या आधारे’ अशा अर्थाचे शब्द असतील, तर रांग ज्येष्ठतेची. समिती फक्त किमान लायकी तपासते. ती भरली की मागचा कनिष्ठ कितीही हुशार असो, तुम्हाला ओलांडू शकत नाही. पद निवडीने भरायचं असेल तर गुणवत्तेचं वजन वाढतं. ग्रामीण बँकांतल्या पदोन्नतीच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने 1998 साली हा फरक स्पष्ट केला होता.

अलीकडचं उदाहरण गुजरातचं. तिथे जिल्हा न्यायाधीशपदाच्या पदोन्नतीसाठी लेखी परीक्षा, पाच वर्षांचे गोपनीय अहवाल, निकाली काढलेली प्रकरणं आणि लिहिलेले निकाल अशा चार कसोट्या होत्या. प्रत्येकीत किमान 40 टक्के आणि एकूण 50 टक्के गुण मिळाले की उमेदवार पात्र, आणि पात्र ठरलेल्यांत क्रम ज्येष्ठतेचा. ज्यांचे गुण जास्त होते पण ज्येष्ठता कमी, ते कोर्टात गेले. 17 मे 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरात उच्च न्यायालयाची ही पद्धत वैध ठरवली. शिवाय पदोन्नतीसाठी विचार होणं हा तुमचा हक्क आहे, प्रत्यक्ष पदोन्नती मिळणं हा नाही, हेही पक्कं आहे.

आता आपल्या कार्यालयात या. समजा दोन लिपिक आहेत. ज्येष्ठाचे पाच वर्षांचे अहवाल ब, ब, ब+, ब, ब असे आहेत आणि कनिष्ठाचे पाचही अ. पदाची किमान प्रतवारी ब असेल तर आदेश ज्येष्ठाचाच. तीच ब+ असेल तर ज्येष्ठ यादीच्या डोक्यावर असूनही ‘अपात्र’ आणि कनिष्ठ सरळ पुढे. कनिष्ठाची गुणवत्ता दोन्ही वेळा तीच होती, बदलला तो फक्त उंबरठा. म्हणून आपल्या पदाला कुठली प्रतवारी लागते ते आधी विचारून घ्या.

ज्येष्ठता यादी

दरवर्षी 1 जानेवारीच्या स्थितीची तात्पुरती यादी निघते, हरकती मागवल्या जातात, मग अंतिम होते. यादी फिरवली की सगळे सही करतात, वाचत कोणी नाही. नियुक्तीचा दिनांक, जन्मतारीख, प्रवर्ग, विभागीय परीक्षा पास झाल्याचा दिनांक हे रकाने सेवापुस्तकाशी ताडून पाहा. चूक दिसली तर मुदतीत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं आस्थापना शाखेत कोणाच्या लक्षात राहत नाही. क्रम कसा लावायचा हे 2021 च्या सेवाज्येष्ठता नियमावलीत आहे. एकाच निवड यादीतून आलेल्यांत भरतीतला गुणानुक्रम धरतात, म्हणून आधी रुजू झालेला वर असेलच असं नाही.

खरा फटका विभागीय परीक्षेचा. महसूल खात्यात दुय्यम सेवा परीक्षा आणि महसूल अर्हता परीक्षा ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या संधींत सुटली नाही, तर ज्येष्ठता गमवावी लागते. दोन वर्षं मागाहून आलेला परीक्षा वेळेत पास होऊन कायमचा वर बसतो. माझ्या मते व्यवस्थेतला गुणवत्तेचा सगळ्यात प्रामाणिक तुकडा हाच, कारण इथे साहेबांची मर्जी चालत नाही.

सीआर

कार्यमूल्यमापन अहवाल असं आता नाव आहे, बोलताना सीआरच म्हणतात. स्वयंमूल्यनिर्धारण तुम्ही लिहायचं असतं. तिथे ‘नेमून दिलेली कामे केली’ एवढी एक ओळ लिहिणारे पुष्कळ, आणि मग साहेबही ‘चांगला’ लिहून मोकळे होतात. निकाली प्रकरणं, वसुली, निवडणुकीचं काम आकड्यांसह लिहा. अहवालातली प्रत्येक नोंद, चांगलीसुद्धा, कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे असं सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये सांगितलं आहे. प्रत मिळाली नाही तर मागा. प्रतवारी कमी वाटली तर पत्रातल्या मुदतीत अभिवेदन द्या. डीपीसीच्या तोंडावर चार वर्षांपूर्वीचा अहवाल उकरून काढण्यात अर्थ नसतो. बदलीमुळे एखाद्या वर्षाचा अहवाल लिहायचा राहिला असेल तर जुन्या कार्यालयाला आजच पत्र टाका, साहेब निवृत्त झाल्यावर फार पायपीट होते.

प्रस्तावासोबत लागणारे कागद

अद्ययावत सेवापुस्तक, पाच वर्षांचे अहवाल, विभागीय परीक्षेचं प्रमाणपत्र, स्थायित्व प्रमाणपत्र, मराठी-हिंदी भाषा परीक्षा पास झाल्याचा किंवा सूट मिळाल्याचा आदेश, संगणक अर्हता (बहुतेकांची एमएस-सीआयटी), राखीव जागेवर नियुक्ती असेल तर जात वैधता प्रमाणपत्र, आणि विभागीय चौकशी किंवा फौजदारी प्रकरण प्रलंबित नसल्याचा दाखला. मत्ता व दायित्वाचं विवरणपत्र दरवर्षी 31 मेपर्यंत द्यायचं असतं. ते राहिलं तर प्रस्ताव अडतो. दाखला कार्यालय देतं, बाकीच्या झेरॉक्स स्वतःच्या फाइलीत ठेवा.

चौकशी चालू असेल तर नाव गळत नाही. समिती विचार करते, पण निष्कर्ष मोहोरबंद पाकिटात जातो. निर्दोष सुटलात तर पाकीट उघडून मानीव दिनांक, म्हणजे बढती आधीच मिळाली असं धरलेली मागची तारीख, मिळू शकतो. मात्र शिक्षेचा कालावधी चालू असताना बढती नाही.

आरक्षणाबाबत एक खुलासा. पदोन्नतीतल्या आरक्षणाचा 2004 चा शासन निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने 2017 मध्ये रद्द ठरवला. 7 मे 2021 च्या शासन निर्णयाने पदोन्नतीच्या कोट्यातली पदं 25 मे 2004 च्या स्थितीतल्या ज्येष्ठतेनुसार भरायला सांगितलं, तेही न्यायालयीन निर्णयाच्या अधीन राहून. आदेशात हे वाक्य दिसलं तर दचकू नका.

बदली नको म्हणून बढती नाकारणारे बरेच असतात. नकार लेखी देण्याआधी आस्थापनेत बसून परिणाम समजून घ्या, कारण 10, 20, 30 वर्षांच्या सेवेनंतर बढती नसली तरी वरची वेतनश्रेणी देणाऱ्या आश्वासित प्रगती योजनेच्या लाभावरही त्याची सावली पडते.

डावललं गेल्यास आधी विभागाकडे लेखी अभिवेदन द्या आणि समितीच्या बैठकीचं इतिवृत्त माहिती अधिकारात मागा. तिथे दाद लागली नाही तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे मॅट. त्याची खंडपीठं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. अंतिम आदेशापासून एक वर्षाची मुदत असते. अभिवेदनावर सहा महिने उत्तरच आलं नाही, तर ते सहा महिने संपल्यापासून वर्ष मोजतात. जिल्हा परिषद आणि महापालिका कर्मचाऱ्यांची प्रकरणं मॅटकडे जात नाहीत, त्यांना आपापल्या अपील नियमांनी आणि पुढे उच्च न्यायालयातच जावं लागतं.