मोझेलच्या उभ्या उतारावरची घरची वायनरी

मोझेल नदी फ्रान्सच्या व्होज डोंगरात उगम पावते आणि जर्मनीत कोब्लेंझला ऱ्हाईनला मिळते, पण ट्रिअर शहर सोडलं की ती सरळ जायचं नावच घेत नाही, वळणावर वळण, आणि प्रत्येक वळणाच्या उन्हाकडच्या अंगाला कड्यासारखा उभा डोंगर आणि त्यावर द्राक्षं. जर्मनीत ३० टक्क्यांच्या वरचा (म्हणजे साधारण १७ अंशांचा) उतार ‘उभा मळा’ म्हणून धरतात. ब्रेम गावाजवळच्या काल्मोंटला तो काही ठिकाणी ६५ अंशांच्या आसपास जातो, युरोपातला सगळ्यात उभा मळा म्हणून त्याचं नाव आहे. तिथल्या पायवाटेवर शिड्या आणि लोखंडी दोर लावलेत, यावरून काय ते समजा.

एवढ्या अवघड जागी द्राक्षं लावायची कशाला? तर उन्हासाठी. हा भाग ५० अंश उत्तरेला, सूर्य कायम खाली, सपाट जमिनीवर किरणं तिरपी पडतात पण दक्षिणेकडे तोंड केलेल्या उतारावर ती थेट येतात. खालून नदीचं पाणी उजेड परत फेकतं आणि जमिनीत माती कमी, स्लेटच्या चपट्या पाट्याच जास्त, त्या दिवसभर तापतात आणि रात्री वेलीला ऊब देत राहतात. पावसाने वाहून खाली आलेली स्लेट लोक पूर्वी पाठीवरच्या टोपल्यांतून परत वर नेऊन टाकायचे, इतकी तिची किंमत.

रोमन काळापासून इथे वाईन होते. नॉयमागेनला सापडलेलं, वाईनची पिंपं लादलेल्या जहाजाचं दगडी शिल्प ट्रिअरच्या म्युझियममध्ये आहे, साधारण इ.स. २२० चं, आणि पीस्पोर्टला द्राक्षं पिळायचा रोमन घाणा १९८५ मध्ये उकरून काढला. रीसलिंग ही द्राक्षाची जात मात्र उशिरा पसरली. ट्रिअरचा आर्चबिशप आणि राज्यकर्ता क्लेमेन्स वेन्सेस्लाउस याने १७८७ मध्ये हलक्या जाती उपटून चांगल्या लावायचा हुकूम काढला, त्यानंतर ती वाढली आणि आज निम्म्याहून जास्त लागवड तिचीच आहे. नेपोलियनच्या काळात वारसा कायदा बदलला, सगळ्या मुलांना सारखा वाटा, त्यामुळे वाटण्या होत होत एकेका घराकडे चार गावांत चार तुकडे, असं चित्र झालं. म्हणून इथल्या वायनऱ्या लहान आणि घरच्या.

काम जवळजवळ सगळं हाताने. जुन्या पद्धतीत मांडव नाही, तारा नाही, प्रत्येक वेलीला स्वतःचा एक खांब. हिवाळ्यात छाटणी करून दोन काड्या ठेवतात आणि त्या दोन बाजूंनी वाकवून खाली बांधतात, लांबून बघितलं तर बदामाचा आकार दिसतो. हे वाकवायचं काम दमट हवेतच करायचं, कोरड्या दिवशी काडी कटकन मोडते आणि त्या डोळ्यांवरचे (कोंबांवरचे) वर्षाचे घड गेलेच. बांधायला पूर्वी विलोच्या ओल्या फोका वापरायचे. ट्रॅक्टर चढत नाही, म्हणून बऱ्याच ठिकाणी एका रुळावरची छोटी मोनोरेल किंवा दोराने ओढायचा विंच असतो. तोडणी ऑक्टोबरमध्ये, आणि माणसं कमी पडतात म्हणून पोलंड-रोमानियाहून मजूर येतात. सपाट मळ्याच्या कितीतरी पट तास इथे जातात, तरी बाटलीचा भाव त्या हिशोबाने मिळत नाही, हे मला खरंच अन्यायाचं वाटतं.

रस घराखालच्या तळघरात जातो. तिथे ‘फूडर’ नावाची साधारण १,००० लिटरची ओकची जुनी पिंपं असतात, इतकी जुनी की लाकडाची चव उतरत नाही. पारंपरिक घरं वेगळं यीस्ट घालत नाहीत, तळघर गार, त्यामुळे रस हळूहळू आंबत राहतो, कान लावला तर बुडबुड ऐकू येते, आणि थोडी साखर उरलेली असतानाच कधी तो आपोआप थांबतो, कधी थांबवतात. म्हणून ‘काबिनेट’ नावाच्या हलक्या दर्जाच्या नव्हे, पण हलक्या अंगाच्या वाईनमध्ये अल्कोहोल अनेकदा ८-९ टक्केच, पण रीसलिंगचा आंबटपणा एवढा जबर की गोडी चिकट लागत नाही. लेबलवर ‘गुट्सआबफ्युलुंग’ लिहिलेलं असलं तर द्राक्षं त्याच घरच्या मळ्याची आणि बाटलीही तिथेच भरलेली.

विक्री घरूनच बरीच. वर्षातून चार महिन्यांपर्यंत अंगणात बाकं टाकून स्वतःची वाईन आणि साधं खाणं विकायची कायद्याने मुभा आहे, दारावर हिरव्या फांद्यांचा झुपका दिसला की समजायचं उघडं आहे.

१९९० च्या सुमारास मोझेलकाठी १२,००० हेक्टरच्या वर द्राक्षं होती, आता ९,००० च्या आत आलीत. सगळ्यात आधी सुटतात ते हेच उभे तुकडे, कारण मुलं शहरात जातात आणि म्हाताऱ्या गुडघ्यांना तो चढ झेपत नाही. मळा पडीक पडला की दोन-चार वर्षांत काटेरी झुडपं दगडी बांध झाकून टाकतात. खालच्या मोझेलकाठी अपोलो फुलपाखराची एक उपजात आहे, जगात फक्त इथेच, आणि तिच्या अळ्या तापलेल्या दगडांवर उगवणाऱ्या छोट्या पांढऱ्या फुलांच्या रोपावर जगतात, बांधावर सावली आली की ते रोप मरतं.