टाळूच्या बाटलीबरोबर हा कागदही घरी न्या

ओठ किंवा टाळू दुभंगलेल्या बाळाला दूध पाजायची ही बाटली न्यायला आमच्या कोल्हापूरच्या दुकानात बहुतेक वेळा बाळाची आज्जी नाहीतर मामा येतो. आई अजून दवाखान्यात असते. चंदगड, गगनबावड्याची एसटी गाठायची घाई असते, आणि काउंटरवर सांगितलेलं निम्मं वाटेतच विसरतं. म्हणून हा कागद.

आधी एक खुलासा. इथे टाळू म्हणजे तोंडातलं छत. आज्जी तेल भरते ती डोक्यावरची टाळू वेगळी, तिला काही झालेलं नाही.

ग्रहणात आईनं भाजी चिरली म्हणून ओठ फाटला, असं घरात कुणी म्हणत असेल तर ते आजच थांबवा. गर्भाचा ओठ साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो आणि टाळू सहाव्या ते नवव्या आठवड्यात. त्यातल्या सुरुवातीच्या दिवसांत पुष्कळ बायकांना दिवस गेल्याचंही कळलेलं नसतं. बाळंतिणीला दोष देऊ नका, तिला झोप द्या.

ओठ आणि टाळू दोन्ही दुभंगलेल्या दहा बाळांपैकी साधारण सात बाळांना दुसरा काही आजार नसतो. बाकीच्यांत ही खूण एखाद्या मोठ्या, बहुधा जनुकीय आजाराचा भाग असते. नुसती टाळूच दुभंगलेली असेल तर हे प्रमाण वाढून निम्म्यापर्यंत जातं. बाहेरून ओठ चांगला दिसतो म्हणून निर्धास्त राहू नका, असं आम्ही प्रत्येकाला सांगतो ते याचसाठी.

घरच्या घरी बघता येईल अशी एक खूण आहे. बाळाचा खालचा ओठ उजेडात बघा. मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना बारीक खळगे दिसतात का? मग तेच आई, बाबा, आज्जी, आजोबा यांच्या ओठांवरही शोधा. ज्या आजारात असे खळगे आणि दुभंगलेला ओठ-टाळू घराण्यात चालत येतात, त्याला व्हॅन डर वूड सिंड्रोम म्हणतात. 1954 मध्ये डॉ. अ‍ॅन व्हॅन डर वूड यांनी तो मांडला, आणि बहुतेक घराण्यांत त्याला कारण असणारं आयआरएफ6 हे जनुक 2002 मध्ये सापडलं. एकाच घरात आजोबांना नुसते खळगे, आत्याची टाळू दुभंगलेली आणि नातवाचा ओठ, असं होऊ शकतं. आईबाबांपैकी एकाला हा दोष असेल तर प्रत्येक बाळंतपणात तो पुढे जाण्याची शक्यता निम्मी. पहिल्या बाळाला झाला म्हणून दुसरं सुटलं, असा हिशेब इथे चालत नाही. या मुलांची बुद्धी साधारणपणे इतरांसारखीच असते. ओठ-टाळू शिवली की पोर शाळेत जातं, भांडतं, अभ्यास करतं.

दुसरा आजार 22व्या गुणसूत्राचा बारीक तुकडा गळाल्यानं होतो. त्यात हृदयात दोष असू शकतो, रक्तातलं कॅल्शियम उतरून बाळाला झटके येऊ शकतात. बहुतेक वेळा आईबाबांत तो नसतोच, बाळातच नव्यानं होतो. तिसरा स्टिकलर: हनुवटी मागे, लहानपणीच मोठ्या नंबरचा चष्मा, आणि डोळ्याचा पडदा सुटण्याचा धोका. अशा मुलाचे डोळे नियमित तपासावे लागतात.

निदान डॉक्टरच करतील. पण खळगे, निळसर पडणं, झटके, फार छोटी हनुवटी यातलं काही दिसलं तर ते त्यांना आपण होऊन सांगा. जनुकीय तपासणी लागेल का, हेही विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेल्या ओठ-टाळूच्या बाळांचे उपचार मोफत होतात. अंगणवाडीताईंना विचारा.

आता बाटली. टाळूत फट असली की बाळाला दूध ओढता येत नाही, ताकद लावून ते दमतं. म्हणून ही मऊ आहे: बाळानं चोखलं की तुम्ही हलकेच दाबायचं, ते थांबलं की थांबायचं. दूध शक्यतो आईचंच, काढून. बाळाला उभट धरा, आडवं नको. नाकातून थोडं दूध आलं तर घाबरू नका, थांबून पुसा. एका वेळी अर्ध्या तासाच्या आत पाजून संपवा, मध्ये दोनतीनदा ढेकर काढा. बोंडलं किंवा वाटी-चमचा जमत असेल तर तेही उत्तम. फक्त ओठच दुभंगलेला असेल तर आधी अंगावर पाजून बघा, बऱ्याच बाळांना जमतं, मग बाटलीची गरजच नाही.

दर आठवड्याला वजन करा. ओठाचं ऑपरेशन साधारण 3 ते 6 महिन्यांत आणि टाळूचं 9 ते 18 महिन्यांत करतात, त्यासाठी बाळ भरलेलं हवं. टाळू दुभंगलेल्या मुलांच्या कानात पाणी साचतं, म्हणून ऐकण्याची तपासणीही करून घ्या.

बूच चिरलं किंवा दूध फार जोरात येऊ लागलं तर बाटली घेऊन या. बाळाला एवढ्या लांब आणायची गरज नाही.