सीट घेतली म्हणजे चेक-इन झालं असं नसतं, आणि चेक-इनसाठी सीट विकत घ्यावी लागते असंही नसतं

सीट घेणं म्हणजे काय हे सगळ्यांना माहितीये. तिकीट काढताना विमानाचा नकाशा उघडतो, चौकोनांवर किमती असतात, पुढच्या रांगा महाग, पाय पसरायला जागा असलेल्या त्याहून महाग, मागच्या मधल्या सीटा त्यातल्या त्यात स्वस्त. पैसे भरले की ईमेल येतो, 14 ए तुमची. यात समजावण्यासारखं काही नाही.

घोळ सुरू होतो तो यात चेक-इन मिसळलं की. सुट्ट्या जवळ आल्या की तेच दोन प्रश्न येतात. एक, "वेब चेक-इनला पैसे का मागतायत?" दोन, "सीटचे पैसे भरले होते तरी एअरपोर्टवर चेक-इनची फी का घेतली?" दोन्हींच्या मुळाशी गैरसमज एकच आहे, आणि मी त्याचं उत्तर इतक्यांदा टाइप केलंय की आता एकदाच सविस्तर लिहून टाकतो, पुढच्या वेळी हेच पाठवीन.

सीट घेणं ही खरेदी आणि चेक-इन ही हजेरी. शाळेत खिडकीजवळचा बाक तुमच्या नावावर असला तरी सरांनी नाव पुकारलं की "हजर" तुम्हालाच म्हणावं लागायचं, नाहीतर बाक तिथेच आणि तुम्ही गैरहजर. तसंच आहे. सीट विकत घेतली की तुमच्या बुकिंगवर एक नोंद पडते, या माणसाला ही जागा द्या, एवढंच. चेक-इन केलं की मी येतोय हे कंपनीला कळतं, परदेशी जायचं असेल तर पासपोर्टची माहिती भरून घेतली जाते, आणि मग बोर्डिंग पास तयार होतो. ओळखायची सोपी खूण बारकोड. ज्याच्यावर सीट नंबर आहे पण बारकोड नाही तो बोर्डिंग पास नाही, ती पावती आहे, मग त्यावर कन्फर्म्ड कितीही मोठ्या अक्षरात लिहिलेलं असो.

माझा मावसभाऊ आणि वहिनी इथेच फसले. जाता-येताच्या मिळून चार सीटा त्यांनी बुकिंगच्या वेळीच घेतल्या होत्या, सगळं आधी उरकलेलं, म्हणून निवांत. काउंटरवर तो सीटचा ईमेल दाखवत राहिला आणि समोरची बाई शांतपणे सांगत राहिली की सर तुमचं चेक-इन झालेलं नाही, इथे करायचं तर दोघांचे इतके. ती रक्कम चारही सीटांच्या पैशांपेक्षा जास्त होती. तो अजून म्हणतो मला लुटलं, आणि मी अजून म्हणतो की अटींमध्ये लिहिलेलं होतं, आणि आम्ही दोघंही बरोबर आहोत.

रक्कम किती असू शकते? युरोपातली स्वस्त विमान कंपनी रायनएअर एअरपोर्टवर चेक-इन करायला बहुतेक ठिकाणी माणशी 55 युरो घेते, ब्रिटनमध्ये 55 पाउंड. अमेरिकेत फ्रंटियर ही स्वस्त कंपनी काउंटरवरच्या माणसाकडून चेक-इन करून घ्यायचे माणशी 25 डॉलर लावते. आणि वेळेचं गणित वेगळंच. रायनएअरमध्ये सीट घेतली असेल तर ऑनलाइन चेक-इन 60 दिवस आधी उघडतं, नसेल घेतली तर फक्त 24 तास आधी, आणि दोन्हींचं बंद होतं उड्डाणाच्या 2 तास आधी. हे नीट वाचा, कारण बहुतेक गैरसमज याच वाक्यातून निघतो. सीटचे पैसे भरल्यामुळे चेक-इन लवकर करायची सोय मिळते, ते आपोआप होत नाही. (काही कंपन्या ऑटो चेक-इन देतात, पण ते तुम्ही चालू केलंय का, हे बघितल्याशिवाय गृहीत धरू नका.)

त्यात परतीचा प्रवास. सीट जाता-येताच्या एकाच दमात घेता येतात, चेक-इन मात्र प्रत्येक फ्लाइटचं वेगळं. 2023 च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या स्टॅनस्टेडवरून रायनएअरनं फ्रान्सला निघालेल्या ऐंशीच्या आसपासच्या एका जोडप्याची बातमी खूप फिरली होती, त्यांनी चुकून जायच्याऐवजी परतीच्या फ्लाइटचं चेक-इन केलं होतं आणि एअरपोर्टवर दोघांचे मिळून 110 पाउंड भरावे लागले. लोक तेव्हा "कागद छापायचे 110 पाउंड" म्हणून चिडले होते. चिडावं असंच आहे ते, पण फी छपाईची नव्हती, चेक-इनची होती. आता तर नोव्हेंबर 2025 पासून रायनएअरनं बोर्डिंग पास फोनवरच केलाय, म्हणजे छपाईचा विषयच मिटला, 55 मात्र तसेच आहेत.

आता उलटी बाजू, म्हणजे नको तिथे पैसे भरणारे. वेब चेक-इन करायला बसलं की मध्येच सीटचा नकाशा येतो, सगळ्या चौकोनांवर किमती, आणि "नको, पुढे चला"वालं बटण कुठेतरी खाली फिकट अक्षरात. माणूस घाबरतो, सीट नाही घेतली तर उभं राहून जायचं का! तिकिटात बसायची जागा आलेलीच असते. कुठली, एवढंच तुम्ही पैसे देऊन ठरवता. पैसे नाही दिले तर कंपनी देईल ती घ्यायची, ती बरेचदा मधली असते आणि सोबतचा माणूस आठ रांगा मागे असतो, पण विमानात तुम्ही असता. ज्या कंपन्या ओव्हरबुकिंग करतात, म्हणजे जागांपेक्षा जास्त तिकिटं विकतात, तिथे जागा जायची भीती असलीच तर ती चेक-इन शेवटपर्यंत टाळणाऱ्याला जास्त.

लोकांनाच का दोष द्या म्हणा, कंपन्याही हे दोन शब्द एकमेकांत कालवतात. 2018 च्या नोव्हेंबरात इंडिगोनं ट्विटरवर लिहिलं की वेब चेक-इनला आता सगळ्या सीटांचे पैसे पडतील, फुकट हवं तर एअरपोर्टवर चेक-इन करा. गदारोळ झाला, मंत्रालयानं लक्ष घातलं, मग खुलासा आला की पैसे आगाऊ सीट निवडायचे आहेत. आणि गंमत बघा, त्या ट्वीटप्रमाणे तिथे काउंटरवर फुकट आणि घरून पैसे, रायनएअरकडे घरून फुकट आणि काउंटरवर पैसे. म्हणून "माझा अनुभव असा आहे" छापाचे सल्ले मला डोक्यात जातात. कुठल्या कंपनीचा अनुभव ते आधी सांगा.

हा गोंधळ कंपन्यांना परवडतोही. अमेरिकेच्या सिनेटच्या एका उपसमितीनं नोव्हेंबर 2024 मध्ये आकडा दिला होता, 2018 ते 2023 मध्ये पाच विमान कंपन्यांनी फक्त सीटच्या फीमधून 12.4 अब्ज डॉलर कमावले. सामानाचे वेगळे, हे नुसते कुठे बसायचं याचे.

मी स्वतः दोन-अडीच तासांच्या फ्लाइटला सीट कधीच घेत नाही. लहान मुलं बरोबर असली तर गोष्ट वेगळी, रायनएअरमध्ये 12 वर्षांखालच्या मुलांसोबतच्या मोठ्या माणसाला सीट घ्यावीच लागते आणि मुलांच्या मग फुकट मिळतात. रात्रीची लांबची फ्लाइट असेल, गुडघे दुखत असतील तर घ्या की, त्यात काय. पण का घेतोय ते कळून घ्या, "चेक-इन पुढेच जात नव्हतं म्हणून घेतली" असं नको. जात असतं, खाली स्क्रोल करा.

बाकीचे फरक पटकन. वेब चेक-इन आणि ॲपवरचं चेक-इन एकच. चेक-इन झालेलं असलं तरी मोठी बॅग द्यायची असेल तर काउंटर बंद व्हायच्या आत पोचावंच लागतं, घरून चेक-इन केलंय हे तिथे चालत नाही. सीटखाली मावणारी छोटी बॅग आणि वरच्या कप्प्यातली केबिन बॅग या बजेट एअरलाइनवर दोन वेगळ्या गोष्टी, पहिली तिकिटात, दुसरीचे बरेचदा पैसे, आणि गेटवर नशीब आजमावू नका, कारण त्याच सिनेटच्या रिपोर्टप्रमाणे स्पिरिट आणि फ्रंटियर या अमेरिकी कंपन्यांनी 2022 आणि 2023 मध्ये अशा बॅगा पकडण्यासाठी गेटवरच्या लोकांना मिळून 2.6 कोटी डॉलर दिले होते. तुमची बॅग दोन इंच मोठी आहे हे बघायचे त्यांना पैसे मिळत होते.

आणि एक, ज्यांच्याकडे युरोपियन युनियनचा पासपोर्ट नाही त्यांच्यासाठी. फोनवर बोर्डिंग पास आला, बारकोड आहे, सगळं आहे, तरी रायनएअरसारख्या कंपन्यांत सिक्युरिटीच्या आधी डेस्कवर जाऊन पासपोर्ट-व्हिसा दाखवावा लागतो. याला फी नाही, पण रांग असते, आणि गेटवर पोचून हे कळलं तर परत मागे यावं लागतं. मावसभावाला परतीच्या वेळी हे मीच फोन करून सांगितलं. चेक-इन त्यानं 24 तास आधीच केलं होतं, स्क्रीनशॉटही पाठवला मला. मी आधी बारकोड बघितला.