जीलिबसी : पॅच घेणं वेगळं, आवृत्ती बदलणं वेगळं

जीलिबसी (glibc) म्हणजे बहुतेक लिनक्स सिस्टीमवर जवळजवळ सगळे प्रोग्रॅम जिच्या आधारावर चालतात ती मूळ सी लायब्ररी. तिचा सिक्युरिटी अपडेट आला की ‘सर्व्हर चालतोय ना, मग कशाला हात लावा’ म्हणून तो महिनोन्‌महिने पडून राहतो. पण एखादा नवा प्रोग्रॅम ‘जीलिबसी २.२८ सापडत नाही’ म्हणत अडला, की तीच लायब्ररी सोर्सवरून (मूळ कोडवरून) बांधून सिस्टीमवर बसवायला लोक तयार होतात. भीती आणि धाडस, दोन्हींची जागा चुकते.

जीलिबसीतल्या ‘घोस्ट’ नावाच्या सुरक्षा-दोषाचं उदाहरण बघा. होस्टचं नाव शोधणाऱ्या फंक्शनमधला हा दोष जानेवारी २०१५ मध्ये जाहीर झाला. मूळ प्रकल्पात तो २०१३ मध्येच दुरुस्त होऊन २.१८ मध्ये आला होता, पण सुरक्षेचा दोष म्हणून तेव्हा कुणी ओळखला नाही. रेड हॅट कंपनीच्या एंटरप्राइझ लिनक्स ७ वर २.१७ होती. रेड हॅटने तिथे २.१८ दिली नाही, तर २.१७ मध्येच तेवढी दुरुस्ती बसवली. म्हणजे पॅकेजच्या शेवटचा आकडा वाढला, बाकी प्रोग्रॅमना काहीही बदललं नाही. असा पॅच लगेच घ्यावा. फक्त चालू प्रोसेस जुनीच लायब्ररी मेमरीत धरून बसतात, म्हणून त्यानंतर त्या पुन्हा सुरू करायलाच हव्यात; सोपा मार्ग म्हणजे रीबूट.

हाताने आवृत्ती बदलणं मात्र खरोखर घातक आहे. जुने प्रोग्रॅम नव्या जीलिबसीवर सहसा चालतात, त्यामुळे नुसता नवा आकडा हे संकट नव्हे. खरी अडचण अशी, की लायब्ररी आणि तिचा लोडर (प्रोग्रॅम सुरू होताना लायब्ररी मेमरीत आणणारी फाइल) ही जोडी एकाच बांधणीची लागते. त्यातली एकच फाइल बदलली, की एलएस, सीपी, एमव्ही असे फाइल दाखवणारे, कॉपी करणारे, हलवणारे साधे आदेशही सुरू होताक्षणी कोसळतात. एसएसएचने, म्हणजे दुसऱ्या मशीनवरून, नवं लॉगिनही होत नाही. आधीपासून उघडा असलेला रूट शेल (सर्वाधिकार असलेली आदेशांची खिडकी) तगला तर सीडी, इको असे त्याच्या पोटातले आदेश तेवढे चालतात. जुन्या फाइल शिल्लक असतील, तर जुना लोडर पूर्ण पाथ देऊन चालवायचा, त्याला जुन्या लायब्ररीची जागा सांगायची आणि त्याच्यामार्फत सीपी चालवून त्या फाइल परत जागेवर ठेवायच्या. नाहीतर लाइव्ह यूएसबीवरून मशीन सुरू करून दुरुस्ती.

डिस्ट्रोची (उबुंटू, रेड हॅट अशा तयार लिनक्स संचाची) पुढची आवृत्ती घेताना जीलिबसीही बदलतेच, पण तिथे सगळी पॅकेजं एकमेकांशी जुळवलेली असतात. तेवढा वेळ नसेल, तर तो एक प्रोग्रॅम कंटेनरमध्ये, म्हणजे त्याला लागणाऱ्या फाइलींसकट वेगळ्या बंदिस्त जागेत, चालवा. कंटेनर स्वतःची जीलिबसी घेऊन येतो, होस्टचा (मूळ मशीनचा) फक्त कर्नेल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, वापरतो.